पाच ‘ने’ कमी: जीआरईचं बीजगणित वाचायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अभियांत्रिकी, आता जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, सहा आठवड्यांवर आलीय. समीकरण समोर ठेवलं तर सुटतं, पण शब्दांतून ते मांडताना आणि चिन्हं वाचताना हमखास घोळ होतो. नमुन्यादाखल तुम्ही एक उदाहरण दिलंय: ‘थ्री टाइम्स एक्स इज फाइव्ह लेस दॅन ट्वाइस वाय. व्हॉट इज एक्स इन टर्म्स ऑफ वाय?’ त्यावर तुमची मांडणी ३क्ष = ५ − २य. आणि शेवटी विचारलंय की आठवीपासूनची पुस्तकं पुन्हा करायची का.

पुस्तकं कपाटातच राहू द्या. चूक फक्त ५ − २य एवढ्याच जागी आहे, आणि ती कशी झाली तेही तुमच्या ओळीवरून दिसतं. इंग्रजी शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने तुम्ही चिन्हं ठेवत गेलात. थ्री टाइम्स एक्स, ३क्ष. इज, बरोबर. फाइव्ह, ५. लेस, वजा. ट्वाइस वाय, २य. पेन डावीकडून उजवीकडे निघालं आणि डोकं मागे राहिलं.

आता हेच वाक्य मराठीत मोठ्याने म्हणा: क्ष-ची तिप्पट ही य-च्या दुपटीपेक्षा ५ ने कमी आहे. य-ची दुप्पट आधी आली, तिच्यातून ५ नंतर गेले. ३क्ष = २य − ५. लिहून झालंसुद्धा.

(परीक्षेत अर्थातच लॅटिन अक्षरं असतील. मी इथे क्ष, य, न वापरतेय. एक्सच्या जागी क्ष आला म्हणून उत्तर बदलत नाही, आणि हे मनापासून पटलं की निम्मी भीती जाते. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं वापरली आणि लिहिताना ‘या’, ‘का’, ‘नी’ एवढंच लिहिलं. यावत्तावत् म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. अज्ञात संख्येची याहून चांगली व्याख्या मला कुठे सापडलेली नाही. एक्स, वाय, झेड हा रिवाज देकार्तचा, १६३७ चा. म्हणजे बराच नंतरचा.)

मी अठरा वर्षं पुण्यात या परीक्षांचं गणित शिकवते. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीच्या धास्तीने खांदे पाडून येतात. त्यांना मी पहिल्याच तासाला सांगते की शब्दांतून समीकरण मांडायच्या कामात तुमची भाषा तुमच्या बाजूची आहे. इंग्रजीत कोण कोणातून वजा होतंय हे पुष्कळदा शब्दाच्या जागेवरून आणि एखाद्या इवल्याशा ‘दॅन’, ‘फ्रॉम’वरून ओळखावं लागतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच असतो. ‘१० मधून क्ष वजा करा’ म्हणा नाहीतर ‘क्ष वजा करा १० मधून’ म्हणा, ‘मधून’ दहालाच लागलंय, तेव्हा १० − क्ष. ‘सबट्रॅक्ट एक्स फ्रॉम टेन’ वाचून क्ष − १० लिहिणारे दर बॅचला तीन-चार निघतात. ‘दहातून क्ष काढ’ ऐकून तसं लिहिणारा मला अजून भेटायचाय.

भागाकारात तर प्रत्यय फारच उपयोगी पडतात. ज्याला ‘ला’ लागतो तो वर, ज्याला ‘ने’ लागतो तो खाली. ‘क्ष-ला ५ ने भागा’, ‘५ ने क्ष-ला भागा’, दोन्हींचं एकच: क्ष छेद ५. इंग्रजीत ‘डिव्हाइडेड बाय’च्या शेजारी ‘डिव्हाइडेड इंटू’ उभा राहिला की चांगली चांगली मुलं छेद उलटा करतात.

याच जातीचा एक प्रश्न जीआरईत वारंवार येतो, तो जरा सावकाश बघू. ‘व्हेन द पॉझिटिव्ह इंटिजर एन इज डिव्हाइडेड बाय सेव्हन, द रिमेन्डर इज थ्री.’ धन पूर्णांक न-ला ७ ने भागलं तर बाकी ३ उरते. माझ्या वर्गात इथे पेनं थांबतात, कारण वाक्यात अक्षर एकच आहे आणि त्यावरून समीकरण होत नाही. दुसरं अक्षर आपणच आणायचं असतं. भागाकार किती आला ते माहीत नाही ना? मग त्याला क म्हणू. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे प्राथमिक शाळेत पाठ केलेलं सूत्रच इथे लागतं: न = ७क + ३. आता न-च्या किमती लिहायला सांगितल्या की वहीत दिसतं: १०, १७, २४, ३१. अठरा वर्षांत ही यादी १० पासून सुरू झालेली मी इतक्यांदा पाहिलीय की आता मी फक्त बोट ठेवते आणि वाट बघते. क शून्य असू शकतो की! ३ ला ७ ने भागलं तर भागाकार ०, बाकी ३. यादी ३ पासून सुरू होते, आणि पर्यायांतला सापळा नेमका त्या तीनवर लावलेला असतो.

टक्क्यांतही ‘ने’ सांभाळा. ‘क्ष-च्या १५० टक्के’ म्हणजे दीडपट. ‘क्ष-पेक्षा १५० टक्क्यांनी जास्त’ म्हणजे मूळचा क्ष आणि वर आणखी दीडपट, एकूण अडीचपट. ‘नी’ आला की मूळ रक्कम आधीच खिशात आहे असं समजायचं. मात्र इथेच आपली बोलण्यातली सवय दगा देते. ‘कांदा तिप्पट महागला’ असं आपण भाव २० वरून ६० झाला तरी म्हणतो. परीक्षेत किंमत ‘बाय टू हंड्रेड पर्सेंट’ वाढली तर ती २० ची ६० होते, ‘बाय थ्री हंड्रेड पर्सेंट’ वाढली तर ८०. बाजारातलं मराठी बाजारात ठेवा.

आता एक गोष्ट सांगते, तिच्यात फजिती माझी आहे. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी, चाळीसेक मुलांसमोर, फळ्यावर मी एक जुना प्रसिद्ध प्रश्न लिहिला: एका विद्यापीठात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत, विद्यार्थ्यांसाठी व आणि प्राध्यापकांसाठी प घेऊन समीकरण लिहा. इंग्रजीत तो ‘देअर आर सिक्स टाइम्स अ‍ॅज मेनी स्टुडंट्स अ‍ॅज प्रोफेसर्स’ असा आहे. बोलता बोलता मी फळ्यावर लिहिलं, ६व = प. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मग दहा विद्यार्थ्यांना साठ प्राध्यापक?” वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाऊन विचार करत बसले की ही चूक माझ्या हातून झालीच कशी.

नंतर कळलं की या प्रश्नावर संशोधन झालेलं आहे. १९८० च्या आसपास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना घातला होता. ३७ टक्के चुकले, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी माझंच समीकरण लिहिलं होतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ज्यांचं गणित चांगलं, त्यांची ही गत. तेव्हा इंग्रजी कच्चं म्हणून आपण चुकतो हे एकदा डोक्यातून काढून टाका.

चुकीचं कारण मजेशीर आहे. आपण व वाचतो तेव्हा मनात ‘विद्यार्थी’ हा शब्द येतो. मग ६व म्हणजे सहा विद्यार्थी, प म्हणजे एक प्राध्यापक, आणि बरोबरच्या चिन्हाने दोघांना शेजारी बसवलं की चित्र पूर्ण झालं. जणू ‘१२ इंच = १ फूट’. पण व हा विद्यार्थी नव्हेच, व ही विद्यार्थ्यांची संख्या आहे, हजार किंवा सहाशे, जितकी असेल तितकी. संख्येने मोठा गट विद्यार्थ्यांचा आहे, तेव्हा बरोबरी साधायची तर छोट्या बाजूला सहाने गुणायला हवं: व = ६प. आणि मराठी वाक्य पुन्हा वाचा: ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट’. विद्यार्थी, बरोबर, प्राध्यापकांची सहापट. ते वाक्य डोळ्यांसमोर असूनही मी मनातल्या मनात इंग्रजीतूनच मांडत होते.

म्हणून मांडणीची पहिली ओळ अशी लिहायची सवय लावा: ‘व = विद्यार्थ्यांची संख्या’. नुसतं ‘व = विद्यार्थी’ नको. एक शब्द जास्त, तीन सेकंद जास्त. सध्याच्या छोट्या केलेल्या जीआरईत, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, गणिताच्या दोन विभागांत मिळून २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या जरा आत. तीन सेकंद परवडतात. उलटं समीकरण नीट सोडवण्यात गेलेली दीड मिनिटं परवडत नाहीत, कारण त्याचंही उत्तर पर्यायांत असतंच.

मांडणीबद्दल इतकं. आता अक्षर वाचण्याबद्दल, कारण तुम्ही ‘चिन्हं वाचताना’ असंही लिहिलंय.

प्रश्नात क्ष दिसला की आपल्या मनात नकळत २, ३, ५ असे आकडे येतात. शाळेच्या पुस्तकातला क्ष जवळपास नेहमीच सभ्य निघायचा, त्यामुळे. जीआरईतला क्ष कोणीही असू शकतो: शून्य, उणे सात, एक चतुर्थांश, दोनचं वर्गमूळ. परीक्षा घेणारे फक्त एवढंच सांगतात की सगळ्या संख्या वास्तव असतील. बाकी बंधन हवं असेल तर ते प्रश्नात लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर ते नाही. तुलनेचे प्रश्न याच्यावरच चालतात. एका बाजूला क्ष², दुसऱ्या बाजूला क्ष, वर काहीही दिलेलं नाही, मोठं कोण? क्ष = २ घेतला तर वर्ग मोठा. अर्धा घेतला तर वर्ग पाव, म्हणजे लहान. एक घेतला तर सारखे. उत्तर चौथा पर्याय, ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’. ज्याने २, ३, ४ घालून बघितले तो तीनदा तपासून चुकला.

बंधनाचे शब्द मराठीत नीट बसवून घ्या, कारण दोन शब्द आपल्याकडे फार जवळजवळ आहेत. पूर्ण संख्या म्हणजे शून्य आणि पुढे एक, दोन, तीन. पूर्णांक म्हणजे त्यांच्यासह उणे एक, उणे दोन वगैरेही. परीक्षेतला ‘इंटिजर’ हा पूर्णांक. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे धन, शून्य बाहेर. ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हणजे ऋण नसलेली, शून्य आत. आणि क्ष, य ही दोन अक्षरं वेगळी आहेत म्हणून त्यांच्या किमतीही वेगळ्या असतील असं नाही. ‘डिस्टिंक्ट’ लिहिलं असेल तरच.

आता तीन-चार जागा, जिथे चिन्ह आपल्याला वाटतं त्याहून कमी बोलतं.

वर्गमुळाचं चिन्ह, √. √९ म्हणजे ३ आणि फक्त ३. क्ष² = ९ दिलं असेल तर क्ष ३ किंवा −३. दोन्हींत नऊ आहे म्हणून मुलं दोन्हीकडे ± लावतात. चिन्ह एकच मूळ मागतं, ऋण नसलेलं. समीकरण सगळी मुळं मागतं. यातूनच निघतं की √(क्ष²) म्हणजे क्ष असं डोळे मिटून लिहायचं नाही. ते क्ष-चं केवलमूल्य, |क्ष|. क्ष = −५ घालून बघा: वर्ग २५, मूळ ५.

−३² म्हणजे −९. घात आधी, उणे नंतर. (−३)² म्हणजे ९. बोलताना आपण दोन्हींना ‘उणे तीनचा वर्ग’ म्हणतो, आणि इथे मराठी अजिबात मदत करत नाही. तसंच ‘क्ष अधिक तीनचा वर्ग’: वर्ग तीनचा की सगळ्याचा? म्हणून शाळेत बाई ‘कंसाचा वर्ग’ असं ठासून म्हणायच्या. तुम्हीही म्हणा, मनातल्या मनात का होईना.

पायथ्याला लिहिलेला छोटा आकडा हा घात नाही, तो हजेरीपटावरचा क्रमांक आहे. अ₅ म्हणजे रांगेतलं पाचवं पद. पहिलं पद ४ आणि प्रत्येक पुढचं पद मागच्याहून ३ ने जास्त असेल तर पन्नासावं पद ४ + ४९ × ३, म्हणजे १५१. एकोणपन्नास, कारण पहिल्यापासून पन्नासाव्यापर्यंत पावलं एकोणपन्नासच पडतात.

दोन अक्षरं जोडून लिहिली की गुणाकार. पण ‘क आणि ख हे दोन अंकी संख्येचे अंक आहेत’ असं म्हटलं असेल तर संख्या १०क + ख. एवढं पुरे.

आणि आता ज्याला सगळे घाबरतात ते फलन, म्हणजे फंक्शन. फ(क्ष) = क्ष² − ३ दिलंय, फ(क्ष + २) काढा. मला दरवर्षी मिळणारी उत्तरं दोन: क्ष² − १, म्हणजे शेवटी नुसते २ मिळवले, आणि क्ष² + १, म्हणजे वर्ग दोघांचे वेगवेगळे केले, क्ष² + ४ − ३. दोन्ही चूक. इथे मी तुम्हाला आठवीच्या नाही, पहिलीच्या पुस्तकात नेते. ‘चौकटीत योग्य संख्या लिहा: ७ + □ = १२’ आठवतं? तेव्हा चौकटीला कोणी घाबरलं नव्हतं. फ-चा नियम तसाच चौकटीने लिहा: फ(□) = □² − ३. क्ष पुसून टाका, तो फक्त जागा धरून बसला होता. आता चौकटीत क्ष + २ हे अख्खं गाठोडं ठेवा, कंसासकट: (क्ष + २)² − ३. सोडवलं की क्ष² + ४क्ष + १. चौकट हाताने काढायची, कच्च्या कागदावर, चांगली मोठी. लाजायचं नाही, परीक्षा केंद्रात कच्चा कागद कोणी तपासत नाही.

चौकट जमली की ते विचित्र चिन्हांचे प्रश्नही त्याच कुळातले निघतात. ‘अ ♢ ब = अ² − २ब असं मानू. तर ३ ♢ (२ ♢ १) किती?’ हे ♢ कुठल्या पुस्तकात आहे ते शोधू नका, ते कुठेच नाही. या एका प्रश्नापुरतं ते जन्माला आलंय. तुम्ही ते शिकलेले नाही, शेजारचाही शिकलेला नाही, दोघं एकाच रेषेवर. पहिल्या चौकटीचा वर्ग, त्यातून दुसऱ्या चौकटीची दुप्पट वजा. आतला कंस आधी: २ ♢ १ = ४ − २ = २. मग ३ ♢ २ = ९ − ४ = ५. कंस हलवून (३ ♢ २) ♢ १ केलं असतं तर ५ ♢ १, म्हणजे २३ आले असते. नुसत्या बेरजेत किंवा नुसत्या गुणाकारात कंस कुठेही ठेवला तरी चालतो ही सवय इथे उपयोगाची नाही. नव्या चिन्हाला जुन्या चिन्हांचे गुण आपणहून बहाल करू नका.

पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरबद्दल बरेचजण विचारतात. तो बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, वर्गमूळ, कंस एवढं करतो. वरच्या एकाही चुकीपासून तो वाचवत नाही.

सहा आठवड्यांत काय करायचं ते सांगते. रोज पंधरा शाब्दिक प्रश्न घ्या आणि एकही सोडवू नका. इंग्रजी वाक्य वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, मराठीत प्रत्ययांसकट म्हणायचं, ‘अमुक = अमक्याची संख्या’ ही ओळ लिहायची, समीकरण लिहायचं, थांबायचं. मग सोपे आकडे घालून बघायचं की समीकरण खरं बोलतंय का, त्या मागच्या बाकावरच्या मुलाने केलं तसं. दहा दिवस हे नीरस वाटेल, कारण सोडवण्याचा आनंद त्यात नाही. माझा अनुभव असा की अकराव्या-बाराव्या दिवशी पुस्तक पालथं घालायची गरज उरत नाही. मग वेळ लावून सोडवायला घ्या.

तुमच्या मूळ प्रश्नातलं एक राहिलं, ‘इन टर्म्स ऑफ वाय’. तिथे क्ष-चा आकडा शोधत बसू नका, तो सापडणार नाही. क्ष एकटा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला फक्त य आणि आकडे, एवढीच मागणी आहे. ३क्ष = २य − ५, म्हणून क्ष = (२य − ५) छेद ३. पर्यायांत हेच उत्तर दुसऱ्या कपड्यांत असू शकतं, उदाहरणार्थ ‘य-चे दोन तृतीयांश वजा पाच तृतीयांश’. ओळख पटत नसेल तर य = ४ घाला. २य − ५ झाले ३, म्हणजे क्ष = १. ज्या पर्यायात ४ घातल्यावर १ येतो तो तुमचा; दोन पर्यायांत आला तर य = ७ घालून बघा, क्ष ३ यायला हवा. तुमच्या ५ − २य मध्ये ४ घातले तर ३क्ष = −३, क्ष = −१. आता मूळ वाक्यात ठेवा: क्ष-ची तिप्पट −३, य-ची दुप्पट ८. −३ हे ८ पेक्षा ५ ने कमी आहे का? ११ ने आहे.